क्षय वॉर्डातल्या सिस्टर

पटासमोर बसल्या की सिस्टर आधी आपले दोन्ही हात समोरच्या माणसापुढे धरायच्या. तळवे वर, बोटं पसरलेली, शाळेत नखं तपासताना मुली धरतात तसे. "धुतलेत," एवढंच म्हणायच्या. समोरचा बिचारा ओशाळून मान हलवायचा, आणि मग त्या पहिलं प्यादं पुढे सरकवायच्या.

नव्या माणसाला वाटायचं, ही बुद्धिबळातलीच काही रीत असेल. जुन्यांना कारण ठाऊक होतं. सिस्टर धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात क्षयाच्या वॉर्डावर होत्या, आणि त्या काळात, म्हणजे साठ-पासष्टच्या सुमारास, क्षय हा शब्द लोक स्वतःच्या घरातही मोठ्याने उच्चारत नसत. त्या वॉर्डातल्या बाईने हाताळलेला उंट आपण हातात घ्यायचा म्हणजे धाडसच. तोंडावर कोणी बोललं नाही. पण पहिल्याच दिवशी एका गृहस्थांनी त्यांची मारलेली सोंगटी धोतराच्या सोग्याने पुसून बाजूला ठेवली, आणि ते सिस्टरांनी पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून हात दाखवणं सुरू झालं. त्यात राग नव्हता की टोमणा नव्हता. सुई उकळून घेतली आहे हे इंजेक्शनच्या आधी पेशंटला सांगावं, तितक्या साधेपणाने त्या हात दाखवायच्या.

माझी त्यांची ओळख मात्र पटावरची नाही. मी त्यांचा पेशंट होतो.

धुळ्यातल्या एका शाळेत मी गणित शिकवत होतो. एका हिवाळ्यात खोकल्यातून रक्त पडलं, छातीचा फोटो काढला आणि डॉक्टरांनी मला वॉर्डात पाठवलं. मुख्य इमारतीपासून लांब, कडुनिंबांच्या मागे ती बैठी इमारत होती. लांबलचक व्हरांडा, लोखंडी खाटा, प्रत्येक खाटेखाली थुंकीची झाकणाची डबी. भेटायला येणारे पायरीवरच थांबत. माझा सख्खा भाऊ डबा पायरीवर ठेवायचा, चार पावलं मागे सरायचा आणि मग विचारायचा, "बरं वाटतंय ना?" त्याचं वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं, आणि तुम्हीही.

पहिल्या संध्याकाळी सिस्टर आल्या आणि सरळ माझ्या खाटेच्या कडेवर बसल्या. बसल्या, हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण त्या दिवसांत माझ्याजवळ कोणी बसत नव्हतं. तिशीच्या आसपासचं वय, उंच बांधा, सावळा रंग, कांजी केलेली टोपी, आणि बाईमाणसाचे म्हणवत नाहीत असे मोठ्ठे, हाडापेराचे हात. त्यांनी नाडी पाहिली, औषधाच्या पुड्या कशा घ्यायच्या ते सांगितलं आणि उठताना म्हणाल्या, "गुरुजी, इथे एकच काम. उगामुगा पडी राहावानं."

त्या सोनगीरजवळच्या एका खेड्यातल्या. कामाच्या वेळी शुद्ध बोलायच्या, पण राग आला किंवा माया आली की अहिराणी यायची. पुढे त्यांच्या आईकडून मला कळलं की त्यांचे वडील ह्याच आजाराने गेले होते. गावाबाहेर मळ्यातल्या झोपडीत त्यांना ठेवलं होतं आणि लहान असलेल्या ह्या लेकीला तिकडे फिरकू दिलं नव्हतं. नर्सचं शिक्षण पूर्ण झाल्यावर बाकीच्या मुली जो वॉर्ड चुकवायला बघत, तो ह्यांनी मागून घेतला. स्वतः ह्याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत. लग्न केलं नव्हतं. दवाखान्याच्या आवारातल्या क्वार्टरमध्ये आईला घेऊन राहत.

पडून राहणं हे फार अवघड काम असतं. त्या वेळी औषधं आली होती तरी महिनेच्या महिने खाटेवर काढावे लागत. माणसं कंटाळून भांडत, पळून जात, चोरून बिड्या ओढत. बिड्या ओढणाऱ्यांचे पुढारी म्हणजे माझ्या शेजारच्या खाटेवरचे चाचा. धुळ्यातलेच एक म्हातारे विणकर. एक फुप्फुस जवळजवळ गेलेलं, पण उशीच्या अभ्र्यात बिडीचं बंडल असायचंच. सिस्टरांनी ते जप्त करावं आणि दुसऱ्या दिवशी चाचांच्या नातवाने नवं आणून द्यावं, असं चाललं होतं.

चाचांचा दुसरा नाद शतरंजचा. कापडावर शिवलेला पट आणि लाकडी सोंगट्या घेऊनच ते वॉर्डात आले होते. आपल्या देशी पद्धतीने खेळायचे. प्यादं पहिल्यापासून एकच घर चालायचं, आणि राजाला एकदा घोड्यासारखी उडी घेता यायची. वॉर्डातल्या सगळ्यांना त्यांनी हरवलं होतं, त्यात मीही आलो. एकदा बिडीवरून फारच बोलाचाली झाली, तेव्हा चाचा शांतपणे म्हणाले, "बेटी, तू मेरे को एक बार हरा दे. उस दिन से बिडी बंद. खुदा की कसम."

सिस्टरांनी तोवर सोंगटीला हात लावलेला नव्हता. त्या म्हणाल्या, "शिकवा."

तो सगळा उन्हाळा त्या हरत होत्या. काम संपलं की घरी जाण्याआधी चाचांच्या खाटेपाशी उभ्या राहूनच एक डाव खेळायच्या, हरायच्या आणि निमूट जायच्या. मला येत होतं ते सगळं मी त्यांना सांगितलं, पण थोड्याच दिवसांत माझ्याजवळ सांगण्यासारखं काही उरलं नाही. त्यांची माय पायरीवर येऊन मला गाऱ्हाणं सांगायची की पोरगी रात्रीचं जेवण झालं की फरशीवर हरभरे आणि चिंचोके मांडून बसते आणि बोलवलं तर ओ देत नाही. माय म्हणे ह्या वॉर्डात बाहेरचंच काहीतरी लागलं असेल.

पावसाळा सरता सरता एका दुपारी त्या जिंकल्या. वॉर्डातले सगळे खाटांवर उठून बसले होते आणि पटावरची नजर न काढता त्या प्रत्येकाला झोपायला सांगत होत्या. मात दिसली तेव्हा चाचांनी बराच वेळ पटाकडे पाहिलं. मग उशीत हात घालून बंडल काढलं, काडेपेटी काढली आणि त्यांच्या हातावर ठेवली. "ले बेटी," म्हणाले, "लेकिन कल फिर खेलना पडेगा."

मी नंतर एकदा सिस्टरांना विचारलं की तो डाव कसा जिंकलात. त्या म्हणाल्या, चाचांना काही चांगलं दिसलं की ते श्वास धरून ठेवतात आणि मग खोकला दाबतात. ते खोकला कधी दाबतात तेवढं मी ऐकत होते.

बिडी सोडल्यावर चाचांचे हात थरथरायला लागले. झोप उडाली. मग सिस्टर रोज संध्याकाळी घरी जाऊन, जेवून परत येऊ लागल्या, आणि त्या हातांना काही काम असावं म्हणून त्यांच्याशी खेळत बसू लागल्या. किती आठवडे हे चाललं ते मला आठवत नाही. चाचांना बरं करण्यासाठी ते होतं, पण एका संध्याकाळी मला सिस्टरांच्या चेहऱ्यावर दिसलं की आता त्यांना स्वतःलाच तिथून उठवत नाही. खेळाडू त्या तेव्हा झाल्या असं माझं मत आहे.

मी बरा झालो, शाळेत परत गेलो. आम्ही चार-पाच जणांनी वाचनालयाच्या मागच्या खोलीत बुद्धिबळाचं मंडळ सुरू केलं आणि मी हट्टाने सिस्टरांना बोलावलं. वर सांगितलं ते सोंगटी पुसण्याचं प्रकरण तिथलंच. नवे नियम त्यांनी भराभर उचलले. प्यादं एकदम दोन घरं जातं ह्याची मात्र त्यांना गंमत वाटायची. "केवढी घाई झालीय त्याला," म्हणायच्या. वर्षभरात मंडळात त्यांना हरवणारं कोणी उरलं नाही.

चाचाही घरी गेले होते. ते दर रविवारी वाचनालयाच्या पायऱ्या एकेक करत चढायचे, सिस्टरांच्या मागे खुर्ची टाकून बसायचे आणि त्या जिंकल्या की माझ्याकडे असे बघायचे, जसं काही पैज त्यांनीच जिंकली आहे.

मग जळगावच्या स्पर्धा सुरू झाल्या. सकाळच्या एसटीने त्या जायच्या, टोपी पिशवीत ठेवलेली, कारण परत येऊन पाळीवर हजर व्हायचं असायचं. तिथे एक कापसाचे व्यापारी खेळायला यायचे. घराणं मूळचं मारवाडातलं, गाव त्यांना भाईजी म्हणायचं. सिस्टरांशी खेळायला लागणार हे कळल्यावर भाईजींनी आधी बरीच कुरकुर केली होती. डाव झाला, भाईजी हरले. सोंगट्या डब्यात भरता भरता सिस्टरांनी खालच्या आवाजात विचारलं, "भाईजी, हा खोकला कधीपासूनचा?" भाईजींचा चेहरा उतरला. संध्याकाळी ताप येतो का, हेही त्यांनी विचारलं. पुढच्या आठवड्यात भाईजी गुपचूप धुळ्याला आले. जळगावात कोणाला कळू नये म्हणून त्यांनी उपचार सिस्टरांच्याच वॉर्डात घेतले. बरे झाल्यावर त्यांनी स्वतःच ही हकिगत सगळ्या बाजारात सांगितली, म्हणून मीही लिहितो आहे. त्यानंतर जळगावात सिस्टरांसमोर बसायला कोणी कुरकुरलं नाही. उलट हरलेला माणूस हळूच विचारायचा, "माझा श्वास ठीक होता ना?"

एकाहत्तरच्या आसपास पुण्यात राज्यातल्या बायकांची स्पर्धा भरली आणि सिस्टर ती जिंकून आल्या. वर्तमानपत्रात नर्सच्या टोपीतला फोटो आला. वॉर्डातल्या पेशंटांनी तो भिंतीवर चिकटवला, त्यांनी तो काढून टाकला, पेशंटांनी दुसरा चिकटवला. माय दारात भाकरीचा तुकडा ओवाळायला उभी होती. तिने एकच विचारलं, "जिकनी का वं?" आणि हो म्हटल्यावर तिची खात्री पटली की बाहेरचं लागलेलं असलं तरी ते चांगलं आहे.

त्याच्या पुढच्या वर्षी त्या दूरच्या बर्फाळ बेटावर जगज्जेतेपदाचा तो गाजलेला सामना झाला. आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल, ज्यांना घोडा कसा चालतो हे माहीत नव्हतं तेही तेव्हा अमेरिकेच्या बाजूचे की रशियाच्या बाजूचे हे सांगत. वॉर्डातही तट पडले होते. कोणाचा तरी ट्रान्झिस्टर होता, आणि बातम्या लागल्या की खोकणारे तोंडावर टॉवेल धरायचे. सिस्टर वर्तमानपत्रातल्या चाली व्हरांड्यात मांडून दाखवायच्या. त्या अमेरिकन खेळाडूच्या खेळापुढे त्या अक्षरशः हात जोडायच्या. पण कॅमेऱ्यांचा आवाज होतो म्हणून तो अडून बसला, एका डावाला आलाच नाही, हे वाचून म्हणाल्या, "ह्याला मी वॉर्डात ठेवून घेतला नसता. बाकीचे बिघडले असते." तीन वर्षांनी तो जगज्जेता पुन्हा खेळायलाच आला नाही आणि त्याचं पद गेलं, तेव्हा मात्र त्या त्याच्यावर बोलल्या नाहीत. वर्तमानपत्र घडी करून ठेवलं आणि म्हणाल्या, "त्याचं काहीतरी दुखत असेल." पण तोपर्यंत त्यांच्या स्वतःच्या बाबतीत बरंच घडून गेलं होतं. ते सांगतो.

त्या गाजलेल्या सामन्यानंतर दोनेक वर्षांनी दक्षिणेतल्या एका शहरात बायकांची एक मोठी स्पर्धा ठरली. सगळ्या देशातून खेळाडू येणार होत्या. सिस्टरांना बोलावणं आलं. एकट्या बाईने एवढ्या लांब कसं जायचं म्हणून मंडळाने मला पाठवलं आणि माझ्यावर लक्ष ठेवायला माझी बायको आली. तिथे सिस्टर असं खेळल्या की मी तसं त्यांना कधी पाहिलं नव्हतं. शिकलेल्या, पुस्तकं पाठ असलेल्या मुली समोर यायच्या, त्यांनी पसरलेले हात बघून गोंधळायच्या आणि तीन तासांनी उठून जायच्या. शेवटच्या दिवशी अशी वेळ आली की शेवटचा डाव जिंकला तर पहिला नंबर सिस्टरांचा.

समोर नागपूरकडची एक मुलगी होती. शाळेतली, दोन वेण्या, बारीक अंगाची. दुपारपर्यंत सिस्टरांचं एक प्यादं जास्त झालं. दोघींकडे एकेक हत्ती उरला होता. भोवती उभे असलेले जाणते लोक डोळ्यांनीच एकमेकांना सांगत होते की आता वेळेचाच प्रश्न आहे. चाल सिस्टरांची होती, घड्याळ त्यांचं चालू होतं, आणि त्यांच्याकडे वेळ फार उरला नव्हता.

त्या एकाएकी पटावरून नजर काढून मुलीकडे बघायला लागल्या. मला वाटलं, श्वास ऐकताहेत. खरंच ऐकत होत्या. मुलीला दम्याचा झटका येत होता आणि ते अजून कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, तिच्या आईच्याही. सिस्टर उठल्या, टेबलाला वळसा घालून गेल्या आणि तिला उचलूनच त्यांनी बाहेर व्हरांड्यात नेलं. तिला पुढे वाकवून बसवलं, कोपरं गुडघ्यांवर टेकवली, पाठीवर हात ठेवला. तिच्या आईच्या पिशवीतली गोळी शोधून दिली. मुलीचे ओठ निळे पडले होते. "उगी बेटा, उगी राय. सोड श्वास. घेऊ नको, आधी सोड," हे त्या हलक्या आवाजात सारखं म्हणत होत्या. मुलीला त्यातली अहिराणी कळत नसेल, पण ती त्यांच्या तोंडाकडे बघत तसं करत होती. डॉक्टर आले, इंजेक्शन दिलं. मुलगी गाडीत बसून दवाखान्यात जाईपर्यंत सिस्टर तिथून हलल्या नाहीत.

आत येऊन पाहतात तो त्यांच्या घड्याळाचा काटा पडलेला, म्हणजे त्यांची वेळ संपलेली.

पंच भले गृहस्थ होते. त्यांनी हात जोडले. म्हणाले, उठताना मला हाक मारली असती तर घड्याळ थांबवलं असतं, आता नियमाने डाव गेला. बाकीच्या खेळाडू बायका चिडल्या, डाव पुन्हा खेळवा म्हणू लागल्या. सिस्टर म्हणाल्या, "घड्याळ माझंच चालू होतं. त्यांची काय चूक?" आणि कागदावर सही करून टाकली.

परतीच्या गाडीत दिवसभर त्या खिडकीपाशी बसून होत्या. माझी बायको त्यांना म्हणाली की तुम्ही फार मोठं काम केलंत, पहिल्या नंबरापेक्षा मोठं. त्यांनी तिच्याकडे वळून पाहिलं. डोळे भरलेले होते.

"वहिनी, असं नका बोलू," त्या म्हणाल्या. "पोरीला उचलणं हे माझं काम आहे, ते मी कुठेही केलं असतं. त्यात काय मोठं? पण माले जिकानं व्हतं. फार जिकानं व्हतं माले."

आणि मग त्या मोकळेपणाने रडल्या. डब्यातले लोक बघत होते. माझ्या बायकोने त्यांचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं आणि मनमाड येईपर्यंत काही म्हणून बोलली नाही.

धुळ्यात मात्र बोलणारे पुष्कळ निघाले. बातमी आमच्या आधी पोचली होती. सत्कार झाला, शाल दिली, त्यागाची मूर्ती म्हणून भाषणं झाली. एका वक्त्याने तर सांगितलं की सिस्टरांनी हातातला विजय हसत हसत सोडून दिला. सिस्टर व्यासपीठावर खाली मान घालून बसल्या होत्या. त्यानंतर कोणत्याही स्पर्धेत त्या गेल्या की आधी तीच गोष्ट निघायची. समोरचा माणूस त्यांना नमस्कारच करायचा. देवीशी बुद्धिबळ कसं खेळणार? एकाने तर चांगला चाललेला डाव आदर म्हणून सोडून दिला. त्या दिवशी त्या मंडळातून उठून गेल्या आणि परत आल्या नाहीत.

त्याच वर्षी चाचा गेले. बिडी सोडल्यावर दहा वर्षं जगले. त्यांच्या मुलाने कापडाचा पट सिस्टरांना आणून दिला. पुढे सिस्टरांची बदली चोपड्याला झाली, माय तिथेच वारली, आणि आम्हाला वाटलं की सिस्टरांचा खेळ संपला.

आता मी अठ्ठ्याहत्तर सालची गोष्ट सांगतो आहे. जळगावला मोठ्या खेळाडूंचे काही सामने ठरले होते, त्यात ती नागपूरकडची मुलगी आली होती. आता कॉलेजात होती आणि तिचं नाव होऊ लागलं होतं. तिने मला शोधून काढलं. म्हणाली, "मला त्या मावशींना भेटायचंय. मला त्यांना एक गोष्ट सांगायची राहिली आहे."

दुसऱ्या दिवशी आम्ही चोपड्याच्या एसटीत बसलो. दोन्ही बाजूंना केळीचे मळे, समोर सातपुडा. सिस्टर दवाखान्याच्या मागच्या क्वार्टरमध्ये राहत होत्या. केस पांढरे झाले होते. त्यांनी मुलीला आधी उजेडात उभं केलं, तिची छाती कान लावून ऐकली आणि मगच चहा टाकला.

चहा झाल्यावर मुलीने विचारलं, पट आहे का? मग ट्रंकेतून चाचांचा पट निघाला. मुलीने न विचारता तो डाव मांडला, जसा उठताना होता तसाच. सिस्टरांनी फक्त एका चुकलेल्या प्याद्याची जागा दुरुस्त केली. म्हणजे दोघींच्याही मनात तो होता.

"मावशी, तुमची चाल होती. काय खेळणार होतात?"

सिस्टरांनी प्यादं पुढे ढकललं. बहुतेक कोणीही तेच खेळलं असतं. मुलीने आपला हत्ती उचलला आणि सिस्टरांच्या राजाच्या अगदी शेजारी नेऊन ठेवला, फुकट. शह. तो मारला तर मुलीच्या राजाला शह नाही आणि तिला खेळायला एकही चाल उरत नव्हती, म्हणजे नियमाने डाव बरोबरीत. न मारला तर तो हत्ती मागे मागे येऊन शह देतच राहणार होता.

सिस्टरांनी दुसरी चाल करून पाहिली. पुन्हा तोच हत्ती. तिसरी पाहिली. बाहेर दुपार उतरत चालली होती, चुलीवरचं दूध उतू गेलं तेही मीच उतरवलं. शेवटी त्यांनी हात मांडीवर ठेवले.

"हे तुला तेव्हाच दिसलं होतं?"

"हो," मुलगी म्हणाली. "तुम्ही प्यादं कधी ढकलता ह्याचीच वाट बघत होते. छाती इतकी धडधडायला लागली की त्यातच मला दम लागला. दवाखान्यातून आले तोवर तुम्ही निघून गेला होतात. मग पेपरात ते सगळं छापून आलं, आणि माझं बोलायचं धाडसच झालं नाही."

"म्हणजे बरोबरीच होती."

"बरोबरीच होती, मावशी."

सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "मग गुरुजी, त्या लोकांनी माझा सत्कार कशाचा केला?"

आणि त्या हसायला लागल्या. पदर तोंडाला लावला तरी थांबेनात, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि त्यांचं बघून मुलगी हसायला लागली, ती इतकी की सिस्टरांनी लगेच तिच्या पाठीवर हात ठेवून तिला सावकाश श्वास सोडायला लावलं. मग त्यांनी सोंगट्या नव्याने मांडल्या. त्या दोघी दिवेलागणीपर्यंत खेळल्या. एक डाव सिस्टर हरल्या, एक जिंकल्या. बसथांब्यावर मुलीला पोचवताना त्या तिला दम्याच्या गोळ्या कशा घ्यायच्या हे दरडावून सांगत होत्या आणि मधूनच त्या हत्तीची आठवण येऊन मान हलवत होत्या.

धुळ्यात मी हे सगळ्यांना सांगितलं. सिस्टरांनीच तसं बजावलं होतं. कोणाला फारसं आवडलं नाही. अजूनही तिथे तुम्हाला पहिलीच गोष्ट ऐकायला मिळेल. पण सिस्टर पुन्हा खेळायला लागल्या. चोपड्याच्या डॉक्टरांशी, एसटीच्या कंट्रोलरशी, जो सापडेल त्याच्याशी. पुढच्या हिवाळ्यात जळगावच्या स्पर्धेला आल्या आणि एका कॉलेजातल्या पोराकडून हरल्या. इतक्या चिडल्या की भाईजींच्या घरी पंगत बसली होती, तिथे त्यांनी पानावरचा एक घास खाल्ला नाही. भाईजींना वाईट वाटलं. मला इतका आनंद झाला होता की तो लपवायला मी दोनदा पुरणपोळी मागून घेतली.

पुढचा उन्हाळा लागण्याआधीच त्या गेल्या. हृदयाचं काहीतरी झालं, सकाळी पाळीवर जायला निघाल्या होत्या, एवढं कळलं. मला निरोप उशिरा मिळाला. पुष्कळ दिवसांनी, दुसऱ्याच कामाने चोपड्याला गेलो तेव्हा पाय तिकडे वळले. क्वार्टरमध्ये नवीन नर्स राहायला आली होती. दोरीवर बाळाची दुपटी वाळत होती, आतून पाळण्याच्या कड्यांचा आवाज येत होता. ती बाहेर आली आणि मला विचारलं की कोणाला भेटायचंय. मी म्हटलं, कोणाला नाही, ऊन फार आहे म्हणून थांबलो. तिने मला सावलीत बसायला सांगितलं आणि तांब्याभर पाणी आणून दिलं. मी ते सावकाश प्यालो, तांब्या पायरीवर ठेवला आणि निघालो.